नगरपरिषदेत जीआयएस (नकाशाला नोंदी जोडणारी संगणक प्रणाली) आणायचं आहे, पण साहेब आणि अध्यक्ष ‘हो’ म्हणत नाहीत. काय करावं?

प्रश्न असा आहे: ‘आमची ‘ब’ वर्ग नगरपरिषद. मी संगणक अभियंता. शहरातल्या मालमत्तांचं जीआयएस सर्वेक्षण करून ते घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या नोंदींना जोडावं, असा प्रस्ताव दोनदा सादर केला. मुख्याधिकाऱ्यांनी ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून फाईल परत पाठवली. नवे नगराध्यक्ष म्हणतात, ते राहू दे, आधी शहरासाठी एआयचा चॅटबॉट करू. कर विभाग तर बोलायलाच तयार नाही. वरच्यांना पटवायचं कसं?’

अशा फायली मी दोन्ही बाजूंनी पाहिल्या आहेत. आधी टिपणी लिहिणारा म्हणून, नंतर तिच्यावर सही करणारा म्हणून. त्यामुळे एक गोष्ट खात्रीने सांगतो. तुमचा प्रस्ताव तंत्रज्ञान कळत नाही म्हणून अडलेला नाही. जीआयएस काय असतं हे तुमच्या मुख्याधिकाऱ्यांना पुरेसं माहीत आहे. सही केल्यानंतर जे अंगावर येईल ते कुणाच्या अंगावर येणार आणि त्याची सोय काय, हे तुमच्या टिपणीत नसणार. जीआयएसचे फायदे मात्र दोन पानं भरून असतील. ते वाचायला साहेबांना वेळ नाही, कारण त्यांना फायद्याची शंकाच नाही. शंका आहे ती स्वतःच्या मानेची.

मुख्याधिकाऱ्याच्या खुर्चीतून बघा. साधारण तीन वर्षांनी बदली, कधी त्याआधीच. लेखापरीक्षक येतात ते बहुतेक वेळा त्याच्या बदलीनंतर, आणि आक्षेप मात्र नावाने निघतो. एखाद्या नाराज सदस्याने तक्रार केली तर जिल्हाधिकारी १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली ठरावाला स्थगिती देऊ शकतात. कार्यालयाच्या कोपऱ्यात आधीच्या कुठल्या तरी योजनेतलं यंत्र प्लास्टिकसकट उभं असतं, आणि स्थानिक पत्रकाराकडे त्याचा फोटो असतो. अशा माणसासमोर ‘अत्याधुनिक प्रणाली’ असे शब्द आले की तो सावध होतो. मीही व्हायचो.

म्हणून टिपणी नव्याने लिहा, आणि साहेबांच्या मनात ज्या क्रमाने प्रश्न येतात त्याच क्रमाने लिहा. पहिला प्रश्न: हे वरून कुणी करतंय का? राज्यात सगळ्या नागरी संस्थांसाठी सामाईक प्रणाली आणण्याचे प्रयत्न कल्याण-डोंबिवली महापालिकेचा ई-गव्हर्नन्सचा नमुना पुढे आल्यापासून चालू आहेत. तुमची नगरपरिषद आज राज्याच्या ज्या प्रणालीवर घरपट्टीची बिलं काढते, तिच्याशी तुमचा नकाशा बोलू शकेल की नाही, हे नगरपरिषद प्रशासन संचालनालयाकडून लेखी मागवा. दुसरं, केंद्राच्या भूसंसाधन विभागाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नक्शा’ हा शहरी भूमापनाचा कार्यक्रम देशातल्या १५२ नागरी संस्थांमध्ये प्रायोगिक म्हणून सुरू केला. तुमचं गाव त्यात आहे का, हे भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन विचारा. असेल तर विमानातून काढलेली छायाचित्रं आणि भूखंडांच्या हद्दी तिकडून मिळण्याची शक्यता आहे, आणि तुमचा खर्च घरोघरच्या पडताळणीपुरता उरतो. ही चौकशी न करता पाठवलेली फाईल परत येणारच. एकाच जमिनीचं मोजमाप दोनदा, दोन निधींतून, हा लेखापरीक्षकाला आयता मिळालेला परिच्छेद असतो.

मग पैसा. कोणतं लेखाशीर्ष (खर्च ज्या नावाखाली दाखवायचा ते), किती तरतूद, शिल्लक किती, हे लेखापालाशी बसून आधी ठरवा. लेखापालाची सही फाईलवर अगोदर असेल तर साहेबांचा हात लवकर चालतो. अंदाजपत्रक जानेवारी-फेब्रुवारीत सभेपुढे जातं, म्हणजे तुमचं काम दिवाळीनंतर लगेच सुरू व्हायला हवं. मार्चमध्ये ‘निधी परत जाईल’ म्हणून घाईने घुसडलेला प्रस्ताव मंजूर होतोही, पण त्यातून घेतलेल्या वस्तूचं पुढे काय होतं ते आपण सगळे जाणतो.

पैशाच्या बाबतीत साहेबांना खरोखर पटणारा मुद्दा एकच: नगरपरिषदेच्या हातात स्वतःचं असं उत्पन्न उरलंय किती? जकात नगरपरिषदांमधून १९९९ मध्येच गेली. तिच्या बदल्यात येणारं सहायक अनुदान पगार-पेन्शनमध्ये जिरतं. उरते घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांची भाडी. पंधराव्या वित्त आयोगाने तर २०२१-२६ च्या अनुदानासाठी अटच घातली होती की मालमत्ता कराची वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीच्या गतीने वाढली पाहिजे आणि लेखे ऑनलाइन उपलब्ध असले पाहिजेत. आयोग बदलतात, अटींचे शब्द बदलतात, पण स्वतःची वसुली दाखवा मग अनुदान घ्या, ही दिशा बदलेल असं मला वाटत नाही. तुमची टिपणी या वाक्यापासून सुरू झाली पाहिजे, ड्रोनपासून नव्हे.

आता आकडे. कंपनीच्या सादरीकरणातून उचललेली ‘उत्पन्नात एवढे टक्के वाढ’ साहेबांना दाखवू नका, त्यांनी ती डझनभर सादरीकरणांत पाहिली आहे. एक प्रभाग घ्या. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, विकास आराखड्याचा नकाशा नगररचना विभागात आहे, नगर भूमापनाचे नकाशे आहेत. मागणी रजिस्टर (कुणाकडून किती कर येणं आहे याची वही) घेऊन त्या एका प्रभागाच्या गल्ल्या फिरा. समजा रजिस्टरला ९०० मालमत्ता आहेत आणि फिरल्यावर ८० ठिकाणी वेगळंच दिसलं: कुठे नोंदच नाही, कुठे वर मजला चढला आहे, कुठे राहत्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान आहे. सरासरी अडीच हजार रुपये धरले तर त्या प्रभागात वर्षाला २ लाखांची मागणी वाढते. मागणी वाढली म्हणजे पैसे आले असं नाही. तुमची वसुली ६० टक्के असेल तर हातात १ लाख २० हजार. टिपणीत हा खालचा आकडा लिहा. आणि तो सगळ्या प्रभागांना गुणून मोकळे होऊ नका. गावठाणात भेद कमी सापडतात, महामार्गाच्या बाजूच्या नव्या लेआउटमध्ये जास्त, हे तुमच्यापेक्षा साहेबांना जास्त माहीत असतं. तुम्ही फुगवलेला आकडा दिला की तुमचे खरे आकडेही संशयात जातात.

आणखी एक नाजूक गोष्ट. टिपणीचा मसुदा एखाद्या पुरवठादाराने पेन ड्राइव्हमधून दिलेला असेल तर तो वापरू नका. तांत्रिक अटी एका कंपनीच्या मापाने शिवलेल्या आहेत हे अनुभवी माणसाला पहिल्या पानावर कळतं, आणि मग तो तुमच्या हेतूकडेच संशयाने बघू लागतो. अटी साध्या ठेवा. सर्व डेटा नगरपरिषदेच्या मालकीचा, दर तीन महिन्यांनी शेपफाईल (नकाशाची फाईल) आणि सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाईल) स्वरूपात नगरपरिषदेच्या ताब्यात. पैसे ड्रोन उडवल्याबद्दल नाहीत, कर विभागाने पडताळून सही केलेल्या मालमत्तेमागे. करार संपल्यावर प्रणाली कोण चालवणार, त्या माणसाचं पद आणि प्रशिक्षण. ठेकेदार निघून गेल्यावर पासवर्डसुद्धा सापडत नाही असे प्रकार घडलेले आहेत, त्यामुळे ही शेवटची अट वाचून साहेबांचा चेहरा जरा सैल होतो.

नगराध्यक्षांचं गणित वेगळं आहे. ते थेट लोकांतून निवडून आले आहेत. नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या, त्याआधी बहुतेक ठिकाणी कित्येक वर्षं प्रशासक राज होतं. म्हणजे लोकांच्या अपेक्षा साचलेल्या, सदस्यांपैकी बरेच नवखे, आणि प्रत्येकाला आपल्या प्रभागात काहीतरी दिसायला हवं. अशा वेळी ‘मालमत्ता सर्वेक्षण’ हा शब्द त्यांच्या कानाला ‘घरपट्टीवाढ’ असाच ऐकू जातो, आणि ते चुकीचंही नाही. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, नोटिसा निघतात, हरकतींच्या रांगा लागतात आणि मोर्चा नगरपरिषदेवर येतो, कंपनीवर नव्हे.

इथे दोन गोष्टी एकमेकींपासून तोडा. नोंद नसलेली मालमत्ता नोंदणं ही एक. दर वाढवणं ही दुसरी. ठरावाच्या मसुद्यातच लिहा की या कामामुळे कराच्या दरात कोणताही बदल होणार नाही. जो इमानदारीने घरपट्टी भरतो त्याच्या शेजारचा तीन मजली बंगला कागदावर अजून एकमजली आहे, हे अध्यक्षांना सभेत बोलता येतं. दरवाढ बोलता येत नाही. आणि काळवेळ बघा. नव्या सभेचं पहिलं दीड वर्ष हाच या कामाचा मोसम. चौथ्या वर्षी हा विषय विषयपत्रिकेवर घेण्याचं धाडस कुणी करणार नाही, मग तुम्ही कितीही पटवा.

सदस्यांना काय द्यायचं? प्रत्येकाला त्याच्या प्रभागाचं एक पान. किती दिवे बंद, पाण्याच्या तक्रारी किती, किती दिवसांत मिटल्या, कचऱ्याची गाडी कुठल्या गल्लीत जात नाही. नकाशाचा हा उपयोग त्यांना लगेच कळतो. सभेत बोलताना हातात कागद असलेला सदस्य तुमचा सर्वांत मोठा समर्थक बनतो, पक्ष कुठलाही असो. इथे मात्र एक रेघ ओढून ठेवा. कुणाची किती थकबाकी, कुणाचा मोबाइल नंबर काय, अशा याद्या कार्यकर्त्यांच्या हातात जाता कामा नयेत. ‘जरा यादी द्या’ असा फोन येईल. मुख्याधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय देता येत नाही, असं नम्रपणे सांगा. तसा आदेश आधीच काढून ठेवलेला असला तर वाईटपणा तुमच्याकडे येत नाही.

एक प्रभाग करून दाखवणं हा मार्ग मी पुन्हा पुन्हा सुचवतो, कारण तो मोठ्या कामांतही चाललेला आहे. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी या शहरांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला तेव्हा सुरुवातीला मीटरला आणि खासगी कंपनीला जोरदार विरोध होता. कर्नाटक सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने आख्ख्या शहराऐवजी निवडक प्रात्यक्षिक भाग घेतले, त्या शहरांच्या लोकसंख्येच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढे. २००८ मध्ये त्या भागांत चोवीस तास पाणी सुरू झालं. पुढे शहरभर विस्ताराची योजना आली ती त्या भागांकडे बोट दाखवता येत होतं म्हणून. आठवड्यातून एक-दोनदा पाणी येणाऱ्या शेजारच्या वस्तीला भाषण लागत नव्हतं. आपल्याकडे कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी आणि दुरून वाचता येणारे मीटर केले, तेही कमी वापराला कमी दर असे चढत्या टप्प्यांचे पाणीदर लावून. मीटरला लोकांची मान्यता मिळवून देणारी वस्तू मीटर नव्हती, दरपत्रक होतं. तुमच्या प्रस्तावात असं दरपत्रक कोणतं, याचा विचार करा. माझ्या मते ते ‘दरात बदल नाही’ हे वाक्य आणि प्रभागाचं एक पान, एवढंच आहे.

अभ्यास दौऱ्याबद्दल विचाराल तर दौरा जरूर काढा, पण बंगळूर-सुरतला नको. तुमच्याच जिल्ह्यातली किंवा शेजारच्या जिल्ह्यातली, तुमच्याच वर्गाची नगरपरिषद शोधा, जिथे हे काम पूर्ण होऊन दोन बिलं निघाली आहेत. मोठ्या महापालिकेत गेलं की परत येताना सगळे एकच वाक्य बोलतात: ‘त्यांचं बजेट वेगळं.’ आणि दौऱ्यात साहेब-अध्यक्षांबरोबर कर विभागातल्या वरिष्ठ लिपिकाला न्या.

त्या लिपिकाकडे आता वळतो, कारण तुमचा प्रस्ताव खरा अडला आहे तो त्याच्या टेबलाशी. वरचे दोघे शेवटी त्यालाच विचारतात. साहेब बदलून जातात, अध्यक्ष पाच वर्षांनी बदलतात, पण शहरातली कुठली मालमत्ता कुणाच्या नावावर, कुठल्या वाड्याचा मागचा भाग कुठल्या भावाकडे, कोणता भूखंड कोर्टात, हे गेली वीस-पंचवीस वर्षं त्या एका माणसाच्या डोक्यात आहे. साहेबांनी बेल मारून ‘काय हो, जमेल का हे?’ विचारलं आणि तो ‘बघावं लागेल साहेब’ म्हणाला, की संपलं. तुमच्या दोन्ही फायली अशाच परत आल्या असतील, असा माझा अंदाज आहे.

त्याचा विरोध आळसाचा नसतो. त्याला दोन भीती असतात. एक, आपल्या माहितीची किंमत जाईल. दुसरी जास्त खोल: नकाशा आणि रजिस्टर शेजारी ठेवले की तफावत निघेल, आणि तफावत निघाली की बोट त्याच्याकडे जाईल. त्यातल्या कित्येक नोंदी त्याच्या आधीच्या माणसाच्या, काही तोंडी आदेशाने रखडलेल्या. पहिल्या भीतीवर इलाज असा की पडताळणीचा अधिकार त्यालाच द्या. सर्वेक्षकाने आणलेली नोंद त्याच्या सहीशिवाय रजिस्टरला चढणार नाही, असं कार्यपद्धतीतच लिहा. कंपनीचा पोरगा त्याला ‘सर, हे घर कुणाचं?’ विचारत त्याच्या टेबलाशी उभा राहिला पाहिजे. दुसऱ्या भीतीवर मुख्याधिकाऱ्यांकडून कार्यालयीन आदेश घ्या: सर्वेक्षणात आढळणारी तफावत विहित पद्धतीने नोटीस आणि सुनावणी देऊन दुरुस्त करायची आहे, केवळ तफावत आढळली म्हणून कर्मचाऱ्यावर कारवाई होणार नाही. कुणी जाणूनबुजून पैसे खाऊन नोंद दाबली असेल तर त्याला हा आदेश वाचवणार नाही, आणि वाचवूही नये. पण बाकीच्या नव्वद टक्के प्रामाणिक गोंधळाला वाट मिळते.

शेजारच्या नगरपरिषदेतल्या त्याच्यासारख्याच लिपिकाशी त्याचं तासभर बोलणं होऊ द्या, तुम्ही तिथे बसू नका. चहा होईल, जुन्या साहेबांच्या गोष्टी निघतील, आणि मध्येच तो खरा प्रश्न विचारेल: ‘मार्चला त्रास कमी होतो का वाढतो?’ त्या उत्तराला तुमच्या सगळ्या सादरीकरणापेक्षा जास्त वजन आहे.

राहिला चॅटबॉट. अध्यक्षांनी तो कुठल्या तरी मोठ्या शहरात पाहिला असेल, किंवा राज्य सरकारच्या २०२५ च्या दीडशे दिवसांच्या ई-गव्हर्नन्स कार्यक्रमात एआय आणि व्हॉट्सअॅपचा एवढा गाजावाजा झाला त्यातून ऐकला असेल. तुम्ही त्याला विरोध केला असणार. बहुतेक तांत्रिक माणसं करतात, कारण मागे डेटा नसताना पुढे बोलणारं यंत्र लावणं आपल्याला हास्यास्पद वाटतं. पण जरा विचार करा, अध्यक्ष तंत्रज्ञानासाठी पैसे आणि स्वतःचं नाव लावायला तयार आहेत. असं रोज घडत नाही. त्यांना ‘नको’ म्हणू नका, ‘तो बोलणार काय?’ एवढंच विचारा. नागरिक व्हॉट्सअॅपवर काय विचारेल? माझी घरपट्टी किती, पाणी कधी येणार, दाखल्याचं काय झालं. मालमत्ता क्रमांक टाकल्यावर बॉटने भलत्याच माणसाची थकबाकी सांगितली तर दुसऱ्या दिवशी बातमी कुणाच्या नावाने येईल, हे त्यांना सांगावं लागत नाही.

मग दोन्ही प्रस्ताव एका ठरावात बांधा. पहिल्या टप्प्यात निवडक प्रभागांच्या नोंदींची पडताळणी, मोबाइल क्रमांकासह. दुसऱ्या टप्प्यात त्याच प्रभागांसाठी व्हॉट्सअॅपवर घरपट्टी आणि तक्रारींची सेवा, उद्घाटन अध्यक्षांच्या हस्ते. सेवेची यादी करताना लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली तुमच्या नगरपरिषदेने अधिसूचित केलेल्या सेवा घ्या. त्यांना मुदत कायद्यानेच ठरलेली आहे, त्यामुळे साहेबांनाही अहवालात दाखवायला काही मिळतं. सूचक अध्यक्षांच्या गटाचा असला तर अनुमोदक विरोधी बाकावरचा शोधा, शक्यतो ज्याच्या प्रभागात तुम्ही पहिली पडताळणी करणार आहात तोच.

ठराव होईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. मागणी रजिस्टरमधले मोबाइल क्रमांक तपासणं, एकाच माणसाच्या नावाची तीन स्पेलिंगं एक करणं, घरपट्टीचा मालमत्ता क्रमांक आणि नळजोडणीचा क्रमांक एका तक्त्यात शेजारी आणणं, याला सभेची मंजुरी लागत नाही. साहेबांचा तोंडी होकार आणि त्या लिपिकाचं सहकार्य पुरतं. हा तक्ता तयार असेल तर सर्वेक्षण कोणत्याही कंपनीने करो, तुमचं निम्मं काम झालेलं असेल. आणि साहेबांची बदली झालीच, तर नव्या साहेबांच्या पहिल्या आढावा बैठकीत तुमच्या हातात प्रस्तावाऐवजी हा तक्ताच ठेवा.